विकत घेतलेल्या यंत्राची किल्ली कुणाकडे?

गोव्यात फोंडा, म्हापसा, डिचोली इथल्या मामलेदार कचेऱ्यांच्या आसपास झेरॉक्सची दुकानं असतात. जमिनीचे एक-चौदाचे उतारे, प्रतिज्ञापत्रं, शाळेचे दाखले असं सगळं तिथं छापून मिळतं. या दुकानांतले शाईचे प्रिंटर कधीकधी अचानक छापायचे थांबतात. शाई भरलेली असते, कागद अडकलेला नसतो, मोटरही ठीक असते. पडद्यावर फक्त एक सूचना येते: यंत्राच्या भागाचं आयुष्य संपलं, सेवा केंद्राशी संपर्क साधा.

आत घडलेलं असतं ते असं. प्रिंटरच्या हेडची छिद्रं केसाहून बारीक असतात. शाई वाळून ती तुंबू नयेत म्हणून बरेच प्रिंटर सुरू होताना थोडी शाई फेकून देतात. ती तळाशी बसवलेल्या शोषक पॅडमध्ये मुरते. पॅड खरोखर किती भिजलं, हे अनेक मॉडेलांत कुणी मोजत नाही. मेमरी चिपमध्ये एक आकडा असतो, तो प्रत्येक सफाईगणिक वाढतो आणि ठरावीक मर्यादेला पोचला की प्रिंटर थांबतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज सारखी जाते-येते. प्रत्येक वेळी प्रिंटर नव्याने सुरू होतो, नव्याने सफाई करतो आणि एकही पान न छापता आकडा पुढे सरकतो.

मर्यादा असणं चुकीचं नाही, नाहीतर शाई टेबलावर सांडेल. पॅड बदलणं हे एखाद्या हुशार मेकॅनिकचं काही मिनिटांचं काम आहे. पण पॅड नवं बसवलं तरी आकडा जुनाच राहतो. तो शून्यावर आणणारा प्रोग्राम मालकाला सहसा दिला जात नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. ज्याने पैसे मोजून यंत्र घेतलं, त्याला आपल्याच यंत्रातला एक आकडा बदलता येऊ नये?

आजच्या उपकरणांत हा ताबा गणिताच्या जोरावर राखला जातो. कंपनी किल्ल्यांची, म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या दोन मोठ्या आकड्यांची, एक जोडी तयार करते. त्यातली खाजगी किल्ली कंपनी स्वतःजवळ ठेवते आणि सार्वजनिक किल्ली यंत्राच्या चिपमध्ये कायमची कोरते. यंत्र सुरू होताना सॉफ्टवेअरवरची डिजिटल सही तपासतं. ती खाजगी किल्लीने केलेली नसेल, तर ते सॉफ्टवेअर चालतच नाही. ही व्यवस्था उपयोगाची आहे, तिच्यामुळे चोराला तुमच्या फोनमध्ये भलतंच काही घुसवता येत नाही. मात्र त्याच व्यवस्थेत मालकही चोराच्याच रांगेत उभा राहतो. सुट्या भागांचंही तसंच. काही फोनमध्ये पडदा किंवा बॅटरी यांचा अनुक्रमांक मूळ बोर्डाशी जोडलेला असतो, त्यामुळे अस्सल भाग बसवला तरी फोन तो नाकारतो किंवा अर्धवट चालवतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून या प्रकाराला बंदी घातली.

बॅटरीचं उदाहरण जरा गुंतागुंतीचं आहे. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त प्रवाह मागितला की व्होल्टेज कोसळतं आणि फोन बंद पडतो. हे टाळायला ॲपलने जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला. तांत्रिक कारण खरं होतं, पण ग्राहकांना ते सांगितलं नव्हतं. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने ते मान्य केलं आणि २०२० मध्ये फ्रान्सने तिला अडीच कोटी युरोंचा दंड केला. तोवर बॅटरी बदलून भागलं असतं अशा कितीतरी लोकांनी फोनच बदलले असणार.

सर्वांत अस्वस्थ करणारी घटना पोलंडची. तिथल्या एका प्रादेशिक रेल्वेने नेवाग या गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या ‘इम्पुल्स’ गाड्यांच्या दुरुस्तीचं कंत्राट निविदा काढून दुसऱ्या कार्यशाळेला दिलं. दुरुस्ती पुस्तिकेबरहुकूम झाली, तरी गाड्या हलेनात. शेवटी ‘ड्रॅगन सेक्टर’ नावाच्या संगणक सुरक्षा तज्ज्ञांच्या गटाला बोलावलं. त्यांनी नियंत्रण संगणकातला कोड उलगडून पाहिला आणि २०२३ च्या डिसेंबरात आपले निष्कर्ष जाहीर केले. गाडी बरेच दिवस एका जागी उभी राहिली की कुलूप, असा एक नियम त्यांना सापडला. काही गाड्यांत तर प्रतिस्पर्धी कार्यशाळांचे जीपीएस निर्देशांकच लिहिलेले होते. नेवागने हे आरोप नाकारले आणि तज्ज्ञांवर खटले भरले. पण सार्वजनिक पैशाने घेतलेली आगगाडी आपण कुठे उभे आहोत हे पाहून बंद पडू शकते, हे कळल्यावर कोणतंही सरकार यंत्रखरेदीचा करार पूर्वीसारखा डोळे मिटून कसा करेल?

आपल्या देशाची स्थिती वाटते तितकी वाईट नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधणारी उपकरणं त्या स्वतंत्र गॅरेजांना देत नव्हत्या, हे त्यामागचं कारण. पुढे अपिलात काहींचा दंड कमी झाला, तरी गॅरेजवाल्याचा हक्क मान्य झाला. आपला कॉपीराइट कायदाही उदार आहे. कायदेशीरपणे मिळवलेला प्रोग्राम कसा चालतो हे अभ्यासायला त्यात मुभा आहे. डिजिटल कुलूप तोडणं २०१२ पासून गुन्हा आहे, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याहून हे बरंच मोकळं आहे. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही काढलं. उणीव आहे ती सक्तीची. आकडा शून्यावर आणण्याचं साधन मालकाला दिलंच पाहिजे, असं कंपनीला बजावणारं कलम अजून नाही.

जुनं यंत्र टाकून न देता पुन्हा चालवण्याची वाटही गोव्याला परकी नाही. गोवा स्कूल्स कॉम्प्युटर प्रोजेक्टने अमेरिकेत टाकून दिलेले संगणक इथल्या शाळांत आणले आणि लिनक्स या मोफत, खुल्या प्रणालीवर चालवले. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणून अनेक चांगले संगणक आज भंगाराच्या वाटेवर आहेत. शाळा आणि पंचायतींनी ते काढण्याआधी एकदा लिनक्स घालून पाहावं. आणि पुढच्या प्रिंटरच्या निविदेत एक अट घालावी: पॅडचा आकडा शून्यावर आणण्याचा प्रोग्राम यंत्रासोबतच मिळाला पाहिजे.