बर्फात सायकल चालते ती कमी हवेवर

परवा यवतेश्वरच्या घाटात एक मुलगा जाड टायरची सायकल घेऊन दम खात थांबला होता. "काका, ही बर्फातपण चालते," म्हणाला. चालते, पण नुसत्या टायरच्या जाडीमुळे नाही. टायर दाबून पाहिला तर दगडासारखा टणक. ३० पीएसआय हवा भरली होती. डांबरी घाटाला ती ठीक, भुसभुशीत बर्फात मात्र चाक रुतलं असतं.

पीएसआय म्हणजे चौरस इंचाला इतके पौंड. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो, म्हणजे सुमारे २०० पौंड धरू. रबराचा ताठपणा सोडला तर हिशेब सरळ आहे: ५० पीएसआयला दोन्ही चाकं मिळून जेमतेम ४ चौरस इंच जमीन धरतात, ५ पीएसआयला ४०. काळ्या रानात लोखंडी धावेची बैलगाडी रुतते आणि टायरची निघते, त्यातलंच हे. एवढ्या कमी हवेत साध्या टायरची रिम खाली आदळेल. चार-पाच इंची टायर ती आदळू देत नाही, हे त्याचं खरं काम.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. हवा मोजायचं गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतं. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १४.७, म्हणून गेजवर ५ असेल तेव्हा आत खरे १९.७ असतात. हा एकूण दाब केल्विनमधल्या (म्हणजे सेल्सियस अधिक २७३) तापमानाच्या प्रमाणात बदलतो. २० अंशांच्या उबदार खोलीत हवा भरली आणि उणे १० अंशांत बाहेर पडलो, तर १९.७ गुणिले २६३ भागिले २९३, म्हणजे १७.७. त्यातून १४.७ वजा केले की गेजवर उरतात ३! पाचातले दोन नुसत्या थंडीनं गेले. ५० भरलेल्या टायरचे याच थंडीत साधारण ४३ होतात, स्वाराला फारसं कळतही नाही. म्हणून बर्फात जाणाऱ्यानं हवा बाहेरच्या थंडीतच मोजावी.

अलास्कातल्या स्वारांनी १९८०च्या दशकात दोन रिम शेजारी जोडून अशी चाकं घरीच बनवली होती. कारखान्यात बनलेली जाड टायरची सायकल 'पग्सली' २००५ साली आली. 'कुठेही चालते' ही जाहिरात मात्र खरी मानू नका. टणक, गुळगुळीत बर्फावर जाड टायरही घसरतो, तिथे खिळ्यांचेच टायर लागतात.

"मग वेण्णा लेकला बर्फ पडतो तेव्हा नेऊ का?" मुलानं विचारलं. महाबळेश्वरात बर्फ पडल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, पण तिथे आकाशातून काही पडत नाही. निरभ्र रात्री गवत आणि गाड्यांचे टप आपली उष्णता आकाशाकडे सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात आणि त्यांच्यावरचं दव गोठतं. उन्हं वर आली की ते विरघळतं. तिथे साधी सायकल पुरे.