उलटा पिन टाकला की पोलीस येतात? नाही!
सणासुदीची खरेदी सुरू झाली की एक मेसेज हमखास फिरतो: एटीएमपाशी चोराने धमकावलं तर पिन उलटा टाका, पैसे निघतील आणि पोलिसांना गुपचूप खबर जाईल. हे खोटं आहे. अशा कल्पनेला अमेरिकेत १९९८ साली पेटंट मिळालं, पण बँकांनी ती वापरात आणलीच नाही. आणि विचार करा, २११२ किंवा ७७७७ उलटा केला तरी तोच राहतो! मशीनच्या लेखी उलटा पिन म्हणजे निव्वळ चुकीचा पिन. पैसे निघत नाहीत, समोरचा चिडतो. मला खरी भीती याचीच वाटते. कोणी शस्त्र दाखवलं तर पैसे देऊन टाका. सुटलात की लगेच पोलिसांना फोन करा, बँकेला सांगून कार्ड बंद करा.