घरच्या स्विमिंग पूलचा महिन्याचा खर्च: अलिबाग भागातील बंगलेमालकांसाठी

पूल बांधायचा ठरला की बांधकामाचा दर आम्हाला दहा वेळा विचारला जातो. तो महिन्याला किती खाणार, हा प्रश्न मात्र पहिलं वीजबिल आल्यावर येतो. हा हिशेब आधीच मांडता येतो. अलिबाग, किहीम, नागाव भागातले बरेच बंगले शनिवार-रविवारीच उघडतात, पण पूलला सातही दिवस वीज, पाणी आणि औषध लागतं. कोणी पोहलं नाही म्हणून खर्च थांबत नाही.

उदाहरणासाठी 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल पूल घेऊ. त्यात साधारण 45,000 लिटर पाणी मावतं.

वीज

1 एचपीचा पंप तासाला जवळपास 1 युनिट घेतो. थंडीत तो रोज 6 तास आणि उन्हाळ्यात 8 तास चालवा, म्हणजे महिन्याला 180 ते 240 युनिट होतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो आणि पूलची युनिटं घरच्या वापराच्या वर जाऊन बसतात. म्हणून सरासरी दर न धरता आपल्या बिलातला सगळ्यात वरचा दर धरा. तो सगळे आकार मिळून 15 रुपये पडत असेल, तर पूलचे 2,700 ते 3,600 रुपये झाले.

सुरूच्या झाडांखाली पूल असेल तर पंपाची जाळी रोज साफ करायला सांगा. सुरूच्या सुया जाळीत गच्च बसल्या की पंप वीज घेत राहतो, पाणी मात्र निम्मंही फिरवत नाही.

पाणी

उन्हाळ्यात रोज 5 ते 6 मिलीमीटर पाणी उडून जातं असं धरलं, तर महिन्याला 5,000 ते 6,000 लिटर लागतं. आठवड्याच्या बॅकवॉशला (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुण्याला) प्रत्येकी 400 ते 500 लिटर. म्हणजे 10,000 लिटरचा एक टँकर महिन्याला पुरायला हवा. दुसरा मागवावा लागत असेल तर गळती तपासा. पूलच्या पाण्यातल्या पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करा, पंप बंद ठेवा आणि 24 तासांनी बघा. बादलीपेक्षा पूल जास्त उतरला, तर पाणी कुठेतरी झिरपतंय. एवढ्या पूलमध्ये रोजचा एक इंच म्हणजे 800 लिटर.

औषध

45,000 लिटरमध्ये क्लोरीन 1 पीपीएमनं (लिटरमागे 1 मिलीग्रॅमनं) वाढवायला 90 टक्क्यांची टीसीसीए ही क्लोरीनची पावडर 50 ग्रॅम लागते. कडक उन्हात रोज 2 ते 3 पीपीएम क्लोरीन उडून जातं, म्हणून उन्हाळ्यात महिन्याला 3 ते साडेचार किलो धरा. संध्याकाळी टाकलेलं औषध रात्रभर कामी येतं, दुपारी टाकलेलं उन्हात जातं. टेस्ट किटमध्ये क्लोरीन 1 ते 3 पीपीएम आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते) 7.2 ते 7.6 दिसायला हवा. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट हे क्लोरीनचं दुसरं औषध एकाच डब्यात किंवा एकाच मगात कधीही मिसळू नका. स्फोट होऊ शकतो. केअरटेकर बदलला की हे त्याला नव्यानं सांगा.

पावसाळा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. ‘आता कोण पोहतंय’ म्हणून जूनमध्ये पंप बंद केला जातो आणि ऑक्टोबरमध्ये हिरवा पूल आमच्या ताब्यात येतो. एका दिवसात 100 मिलीमीटर पाऊस पडला तर 3,200 लिटर पाणी नुसतं पूलच्या तोंडातून आत येतं. क्लोरीन पातळ होतं आणि शेवाळ धरतं. जून 2020 मध्ये निसर्ग वादळानंतर गावोगाव कितीतरी दिवस लाईट नव्हती, तेव्हा हातानं क्लोरीन टाकत राहिलेले पूल पुष्कळ बरे राहिले. तेव्हा पावसाळ्यात पंप 4 तासांवर आणा, पण बंद करू नका.

हिरवा पूल उपसून टाकायचा मोहही आवरा. किनाऱ्यालगत पावसात जमिनीतलं पाणी अगदी वर येतं. पूल रिकामा असला की ते खालून रेटा देतं, टाइल्स सुटतात, तळाला भेग जाते. त्या दुरुस्तीपुढे चार महिन्यांची वीज काहीच नाही. पाणी आहे तसंच ठेवून जादा क्लोरीन, ब्रश, मग रात्री तुरटी आणि सकाळी व्हॅक्यूम, असं तीन-चार दिवस केलं की ते बहुतेक वेळा सुधारतं.

मोठ्या वस्तू

खाऱ्या हवेत पंप आणि विजेचं पॅनेल लवकर गंजतात. पंपाला 6 वर्षं आणि फिल्टरच्या वाळूला 5 वर्षं धरा. पंपाची आजची किंमत 72 नं आणि वाळू बदलण्याचा खर्च 60 नं भागा. येणारी बेरीज दरमहा वेगळी काढा. पॅनेलवर साधं छप्पर आजच घाला.

केअरटेकरचा पगार किंवा आमची महिन्याची फी यात धरलेली नाही, ती भेटींच्या संख्येवर ठरते. अंदाज मागताना पूलची मापं, मागच्या मे आणि ऑगस्टची वीजबिलं आणि मागवलेल्या टँकरांची संख्या सांगा. मीटरचं रीडिंग, क्लोरीन आणि पीएच रोज लिहायची वही आम्ही पहिल्या भेटीत देतो. ती पंपघरात खिळ्याला टांगून ठेवा.