मूक लष्करी रिळं: शिपाई तुरुतुरु का चालतात?

पहिल्या महायुद्धातल्या छावण्यांची मूक रिळं पाहिलेल्या ग्राहकांची हीच तक्रार पहिली असते. दोष बहुधा रिळात नसतो, चालवण्यात असतो.

तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवत. हँडलच्या एका फेऱ्यात ८ फ्रेम (फिल्मवरची एकेक चित्रं), सेकंदाला साधारण दोन फेरे, म्हणजे १६ फ्रेम. बोलपटांनी २४ चा वेग पक्का केला, त्यावर हेच शिपाई दीडपट धावतात. ३५ मिमीचं १,००० फुटी रीळ १६ वर जवळजवळ पावणेसतरा मिनिटं चालतं, २४ वर अकराच.

मात्र १६ हा आकडाही सरसकट लागू पडत नाही. १९१६ च्या ‘द बॅटल ऑफ द सोम’ या ब्रिटिश युद्धपटात मॅलिन्स आणि मॅकडॉवेल अशा दोन कॅमेरामनचं चित्रण आहे, आणि प्रत्येकाचा हात वेगळा. म्हणून आम्ही वेग शॉटगणिक ठरवतो आणि त्यासाठी कवायत शोधतो. ब्रिटिश पायदळाची शिस्तीची चाल मिनिटाला १२० पावलं, म्हणजे दहा पावलांना ५ सेकंद. टाच टेकण्यापासून मोजून दहा पावलांत ८५ फ्रेम भरल्या, तर वेग १७.

पलटण ओळखायला चुकलं की गणित बिघडतं. लाइट इन्फन्ट्री आणि रायफल पलटणींची चाल रिवाजाने १४०. त्याच ८५ फ्रेम तिथे जवळपास २० चा वेग सांगतात. खांद्यावर बंदूक टाकून, कॅमेऱ्याकडे बघून हसत, टोपी हलवत रस्त्याने जाणारी तुकडी तर मोजूच नये. तिथे पाऊल जुळवायची सक्तीच नसते. अशा शॉटला शेजारच्या शॉटचा अंदाज लावतो, आणि तो अंदाज आहे हे शॉटच्या यादीत लिहितो.

तुमच्याकडे जुनी व्हिडिओ कॅसेट असेल तर बहुतेकदा तिच्यात फ्रेम दुबार घालून वेग कमी केलेला असतो. मग संचलन लंगडतं. शक्यतो मूळ रीळच आणा.

आणण्यापूर्वी घरच्या प्रोजेक्टरवर चढवू नका. ३५ मिमी फिल्मच्या १०० फ्रेमची लांबी १,९०० मिमी भरायला हवी. १,८८१ भरली तर फिल्म १ टक्का आकसली आहे, प्रोजेक्टरच्या दात्यांवर कडेची छिद्रं फाटतील. फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ हा शब्द नसेल तर ३५ मिमीचं जुनं रीळ नायट्रेटचंच, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मचंच धरा. पेटलेलं नायट्रेट पाण्यातही जळत राहतं. चिकट झालेलं किंवा तपकिरी भुकटी सुटलेलं रीळ उलगडू नका, कुरिअरने तर मुळीच पाठवू नका. डबा सावलीत, थंड जागी ठेवून आधी फोन करा.