स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील सागरी संयुगे

स्पंज, ट्युनिकेट (पिशवीसारखे सागरी प्राणी), समुद्रकाकडी, समुद्री ससा (गोगलगायीचा एक प्रकार) असे प्राणी आणि समुद्रतळावरील सूक्ष्मजंतू यांच्यापासून मिळणारी, स्वादुपिंडाच्या कर्करोगपेशींची वाढ रोखणारी नैसर्गिक संयुगे. मूळ सागरी रूपातले एकही संयुग आज या रोगावर नित्याचे औषध म्हणून वापरले जात नाही. रोगाच्या गाठीभोवती घट्ट तंतुमय ऊतक असते. औषध तेथवर पोचणेच कठीण जाते.

जेमसायटाबिनचा वंश : स्वादुपिंडाच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या या औषधाला ‘सागरी’ म्हणावे की नाही, हा जुना वाद आहे. १९५०च्या सुमारास वेर्नर बर्गमन व रॉबर्ट फीनी यांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळच्या एका स्पंजातून स्पॉन्गोथायमिडीन व स्पॉन्गोयुरिडीन ही न्यूक्लिओसाइडे (डीएनएच्या घटकांसारखी संयुगे) वेगळी केली. त्यांत नेहमीच्या रायबोजऐवजी अरॅबिनोज ही शर्करा होती. फरक एवढाच, की दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट रायबोजमध्ये खाली असतो, तर अरॅबिनोजमध्ये वर. पेशीचे एंझाइम अशी शर्करा स्वीकारते आणि डीएनएची साखळी अडते. या सूत्रावर सायटाराबिन हे औषध १९५९ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले व १९६९ मध्ये अमेरिकेत ल्युकेमियासाठी संमत झाले. जेमसायटाबिन (स्वादुपिंडासाठी अमेरिकेत संमती १९९६) याच घराण्यात घालण्याचा प्रघात आहे. मात्र त्यात अरॅबिनोज नाही. त्याच कार्बनवर हायड्रॉक्सिल व हायड्रोजन यांच्या जागी दोन फ्लोरीन अणू आहेत आणि एली लिली कंपनीतील लॅरी हर्टेल यांच्या गटाने ते आरंभी विषाणुरोधक म्हणून घडवले होते. म्हणून कल्पनेची दिशा स्पंजाने दाखवली, रेणू मात्र कृत्रिम, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९९७ च्या चाचणीत फ्लुरोयुरॅसिल हे जुने औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य ४.४१ महिने, तर जेमसायटाबिन घेणाऱ्यांचे ५.६५ महिने भरले. इतका अल्प फायदाही पुढे वर्षानुवर्षे मापदंड ठरला, यावरून रोगाची चिवटता कळते.

प्रयोगावस्थेतील संयुगे : मँझामिन ए (१९८६, ओकिनावाचा स्पंज) पेशीतील व्हॅक्युओलर एटीपेझ या (पचनकोश आम्ल ठेवणाऱ्या) एंझाइममध्ये बाधा आणून स्वभक्षण रोखते. उपासमारीत स्वतःचेच जीर्ण भाग पचवून तगणाऱ्या या कर्करोगपेशींना ते मारक ठरते. समुद्रकाकडीतील फ्रॉन्डोसाइड ए हे सॅपोनिन (साबणासारखे फेसाळणारे संयुग) उंदरांतील गाठींची वाढ मंदावते. मात्र या वर्गातील संयुगे मात्रा वाढली की तांबड्या रक्तपेशीही फोडतात.

रुग्णांवरील चाचण्यांत डोलास्टॅटिन १०, ब्रायोस्टॅटिन १ (पॅक्लिटॅक्सेल या औषधासह) व एरिब्युलिन या सागरी मूळ असलेल्या संयुगांनी या रोगात निराशा केली. एरिब्युलिन स्तनाच्या कर्करोगावर २०१० मध्ये संमत झाले. त्याचे मूळ हॅलिकोन्ड्रिन बी. सुमारे ६०० किलो स्पंजातून ते १२.५ मिलिग्रॅम मिळाले होते! पुरवठ्याची अडचण अशी मुळातच असते.

अर्क व चाचणी : पुण्यातील प्रयोगशाळेत काम करायचे, तर जवळ समुद्र नाही. कोकणातून आणायचा सागरी जीवाचा नमुना थर्मोकोलच्या पेटीत ड्राय आइसवर घाट चढवावा लागतो. वाटेत वितळला, तर त्यातील एंझाइमे व जंतू संयुगे मोडतात आणि पेटीत बुळबुळीत लगदा उरतो. नमुना गोठवून सुकवावा, बारीक करावा व मिथेनॉल–डायक्लोरोमिथेन (१:१) यात तीनदा प्रत्येकी २४ तास भिजवावा. विद्रावक ४० अंशांखाली, निर्वात दाबात उडवावा. सॅपोनिन असल्यास फेस उसळून अर्क रोटरी बाष्पकाच्या (विद्रावक उडवणाऱ्या यंत्राच्या) नळीत चढतो, म्हणून फ्लास्क अर्ध्याहून कमी भरावा. पुढे हेक्झेनने चरबी काढावी आणि उरलेला भाग पाणी व एथिल ॲसिटेट यांत विभागावा. मीठ पाण्यात उतरते. ते अर्कात राहिले, तर परासरण दाबानेच पेशी मरतात आणि अर्क ‘गुणकारी’ भासतो.

चाचणीला पॅन्क-१, मिया पाका-२ या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवल्या जाणाऱ्या पेशी) वापरतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात अशा पेशींचे भांडार आहे. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये दर खळग्यात ५,००० पेशी २४ तास स्थिरावू द्याव्यात, अर्क ७२ तास ठेवावा व डीएमएसओ (अर्क विरघळवणारा द्रव) ०.५ टक्क्याखाली असावा. पॅन्क-१ दुप्पट व्हायला सुमारे ५० तास घेते, तेव्हा २४ तासांची चाचणी फसवी. नंतर एमटीटी (जिवंत पेशींत जांभळे होणारे पिवळे रंजक) घालून जांभळे स्फटिक विरघळवावेत व ५७० नॅनोमीटरवर वाचन घ्यावे. रंगीत अर्क वाचन फुगवतो आणि काही अर्क पेशींशिवायही एमटीटी जांभळे करतात. म्हणून पेशीविरहित अर्काचे खळगे सोबत हवेतच. कडेच्या खळग्यांत पाणी उडते, तेथे केवळ बफर ठेवावे.

पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा साधारणतः २० मायक्रोग्रॅम प्रतिमिलिलिटर वा त्याहून कमी असेल, तर अर्क क्रियाशील धरतात. सपाट प्लेटवर तंतुमय ऊतक नसते, त्यामुळे तिथे प्रभावी ठरलेले संयुग त्रिमितीय पेशीगोलांवर पुन्हा तपासतात. बरीचशी इथे गळतात.

भारतीय किनारा : समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे त्या परवानगीविना गोळा करता येत नाहीत. परदेशी संस्थेला भारतीय नमुना देण्यासाठी जैवविविधता कायदा, २००२ नुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता लागते.