बुरशीतलं विकर: जनुक सापडलं, पुढे काय?

तैवानच्या डोंगरांत 'सिनॅमोमम कानेहिराय' हे कापूर-दालचिनीच्या कुळातलं झाड वाढतं. जगात इतरत्र ते निसर्गतः आढळत नाही. त्याच्या जुन्या, पोकळ खोडात 'अँट्रोडिया सिनॅमोमिया' ही लालसर, कडू बुरशी उगवते. तिथले मूळ रहिवासी ती यकृताच्या तक्रारींवर वापरत आले आहेत. पुढे मागणी एवढी वाढली की बुरशीपायी संरक्षित झाडं चोरून तोडली जाऊ लागली. प्रयोगशाळेत तिचे तंतू वाढवता येतात, पण फार सावकाश. म्हणूनच तिच्यातलं लायपेज, म्हणजे मेद तोडणारं विकर (एन्झाइम), अभ्यासायचं तर जनुकाचं क्लोनिंग हाच शहाणपणाचा मार्ग.

बुरशीच्या जनुकात मध्येमध्ये प्रथिन बनवायला न लागणारे तुकडे असतात आणि जिवाणूंना ते नीट छाटता येत नाहीत. म्हणून बुरशीने स्वतः छाटून तयार केलेला संदेशवाहक आरएनए घेतात, त्यावरून डीएनएची प्रत बनवतात आणि ती ई. कोलाय जिवाणूत किंवा पिकिया या यीस्टमध्ये घालतात. मग विकर भरपूर मिळू शकतं.

खरी कसोटी यापुढे. लायपेजच्या साखळीत 'ग्लायसिन, कोणतंही एक अमिनो आम्ल, सेरीन, पुन्हा कोणतंही एक, ग्लायसिन' अशी खूण सापडते. पण तीच खूण साध्या एस्टरेज विकरांतही असते. त्यामुळे नुसत्या क्रमावरून निकाल देणं मला घाईचं वाटतं. विकराला चार कार्बनची आखूड आणि सोळा कार्बनची लांब मेदाम्लं जोडलेले पदार्थ वेगवेगळे देऊन पाहावे लागतात. मेदाम्ल जोडणारा बंध तुटला की सुटलेल्या भागामुळे द्रावण पिवळं होतं, आणि किती वेगाने होतं ते मोजता येतं. लांब साखळी सहज तोडली तर ते लायपेज म्हणावं.

याचं कारण विकराच्या रचनेत आहे. पुष्कळशा लायपेजांत बंध तोडणारं सेरीन एका झाकणाखाली लपलेलं असतं. तेलाच्या थेंबाचा पृष्ठभाग भेटला की झाकण सरकतं आणि काम सुरू होतं. 1990 मध्ये र्‍हायझोम्युकर मिहेई या बुरशीच्या लायपेजची त्रिमितीय रचना उलगडली, तेव्हा हे झाकण दिसलं.

मग कोणत्या तापमानाला, किती सामूला ते टिकतं हे मोजायचं. कपड्यांच्या पावडरीत घालायचं तर अल्कली सोसलं पाहिजे. 1988 मध्ये बाजारात आलेलं 'लायपोलेज' असंच निवडलेलं: जनुक एका उष्णताप्रिय बुरशीचं, उत्पादन मात्र अ‍ॅस्परजिलस ओरायझी या दुसऱ्या बुरशीत. अँट्रोडियाचं लायपेजही याच मोजमापांवर तपासायचं. बुरशी औषधी आहे म्हणून हे विकर औषध ठरत नाही.