हाउझिंगा, योहान
हाउझिंगा, योहान : (७ डिसेंबर १८७२ – १ फेब्रुवारी १९४५). डच सांस्कृतिक इतिहासकार. जन्म ग्रोनिंगेन येथे. वडील तेथील विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक. संस्कृत नाटकातील विदूषकावर प्रबंध लिहून त्याने डॉक्टरेट मिळविली (१८९७). हार्लेमला शाळेत अध्यापन, पुढे ग्रोनिंगेन (१९०५–१५) व लायडन (१९१५–४२) येथे इतिहासाचा प्राध्यापक. बर्गंडीच्या दरबारी जीवनावरील १९१९ च्या ग्रंथाने त्याला कीर्ती मिळाली.

खेळ हा संस्कृतीचा एक भाग नसून संस्कृतीच खेळाच्या रूपात उदयास येते, हे त्याच्या होमो लुडेन्स (‘खेळणारा मानव’, १९३८) या ग्रंथाचे सूत्र. खेळ स्वेच्छेचा, स्थळकाळाने आखलेला, नियमबद्ध व भौतिक लाभाविना असतो. रडीचा डाव खेळणारा निदान नियम मानल्याचे सोंग तरी करतो. खेळ उधळणारा मात्र ते जगच मोडतो, म्हणून त्याला क्षमा नसते. न्यायदान, युद्ध, काव्य, तत्त्वज्ञान यांतही हाउझिंगाला हा खेळ-घटक दिसतो. ‘संस्कृतीचा खेळ-घटक’ या शब्दांऐवजी त्याच्या या विषयावरील व्याख्यानांचे यजमान ‘संस्कृतीतील’ असा बदल सुचवीत. तो नकार देई. त्याच्या पश्चात निघालेल्या इंग्रजी आवृत्तीवर (१९४९) मात्र ‘संस्कृतीतील’ हेच रूप आले.

या विचाराचा आरंभ सामान्यतः लायडनचा कुलगुरू म्हणून त्याने १९३३ मध्ये दिलेल्या भाषणापासून मोजतात. होमो लुडेन्सच्या प्रस्तावनेत तो स्वतः १९०३ पासूनच्या लेखनातील खुणांचा निर्देश करतो. त्याच वर्षी तो ॲम्स्टरडॅमला प्राचीन भारतीय वाङ्मयावर व्याख्याने देऊ लागला होता. तेव्हा मूळ संस्कृताभ्यासात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. खेळवाचक शब्दांच्या प्रकरणात तो क्रीड्, दिव्, लस् हे धातू व लीला हा शब्द तपासतो. क्रीडा मुलांची, प्राण्यांची, वाऱ्यालाटांचीही. दिव् धातूचा ओढा द्यूताकडे. लीलेत सहजता व ‘जणू काही’ हा भाव. (मराठीतील ‘लीलया’ हीच सहजता टिकवून आहे.) प्राचीन भारतात स्पर्धा विपुल असूनही तिच्यासाठी खास शब्द जवळजवळ नाही, याचे त्याला नवल वाटते. यज्ञप्रसंगीचे कूटप्रश्न आणि महाभारतातील द्यूत हे त्याचे आवडते दाखले. विदूषकाच्या उगमाचा वाद मात्र त्याच्या प्रबंधाने मिटला नाही. लायडनच्याच कायपर या संस्कृतपंडिताने १९७९ मध्ये वरुणाशी संबंध जोडून तो नव्याने उभा केला.

रॉजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ मध्ये आक्षेप घेतला, की लाभाविना खेळ अशी व्याख्या केल्यास जुगार बाहेर राहतो. आक्षेप रास्त आहे. द्यूताचे दाखले देणाऱ्याच्या व्याख्येत पैजेला जागा नसावी, ही विसंगती उरतेच.

समकालीन राजकारणातील गणवेश, संचलने व घोषणा यांत हाउझिंगाला खेळ नव्हे, तर पोरकटपणा दिसे. १९३३ मध्येच एका नाझी प्रतिनिधीला त्याने लायडनमधून निघून जाण्यास सांगितले होते. जर्मन अंमलात तो १९४२ मध्ये काही महिने ओलीस होता; सुटकेनंतर लायडनला परतण्यास मनाई झाली. आर्नेमजवळ डे स्टेख येथे, देश मुक्त होण्याच्या थोडे आधी, तो निधन पावला.